दिवसा लावलेला दिवा : ‘दिवाळे’ या शब्दाची गोष्ट

१/
दिवाळी आणि दिवाळे. दोन शब्दांत अंतर शेवटच्या एका स्वराचे. पहिला आपण दाराला तोरण बांधून उच्चारतो. दुसरा घरात कोणी अंथरुणाला खिळले असावे तशा दबक्या आवाजात. सण संपला की ‘दिवाळी झाली, आता दिवाळे’ हा विनोद दरवर्षी कोणीतरी करतोच. विनोद जुना आहे, पण त्यामागचा प्रश्न खरा आहे. पैशाच्या विनाशाला आपल्या भाषेने दिव्याचे नाव का द्यावे? आजचा धागा या एका शब्दाविषयी आहे : तो कुठून आला, कोणाचा होता, कायद्यात कोणत्या वाटेने शिरला आणि त्याची शिवी कशी झाली.

२/
शब्दाचे सर्वपरिचित स्पष्टीकरण एका व्यापारी रिवाजावर उभे आहे. ज्या सावकाराला देणी भागवणे अशक्य झाले तो आपल्या पेढीवरची बैठक उलटी करी आणि भर दिवसा तेथे दिवा लावून ठेवी. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या ‘हिंदी शब्दसागर’ या कोशात ‘दिवाला’ शब्दाखाली हाच रिवाज नोंदलेला आहे. तेथे तो दिवा चौमुखी, म्हणजे चार दिशांना चार वाती असलेला, असल्याचे सांगितले आहे. दिवा ‘बाळणे’, म्हणजे पेटवणे, यापासून शब्द बनला असे ही व्युत्पत्ती मानते.

३/
क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. बाजार भरलेला आहे. शेजारच्या पेढीवर तागडी खाली-वर होते आहे, हमाल पोती वाहत आहेत. आणि एका ओट्यावर गादी उलटी पडली असून तिच्यावर उन्हात दिवा जळतो आहे. दिव्याचा उजेड कोणाच्याही उपयोगाचा नाही. म्हणूनच तो सर्वांना दिसतो. रात्री लावलेल्या दिव्याकडे कोणी वळून पाहत नाही. दिवसा लावलेला दिवा एकच गोष्ट सांगतो : येथे काहीतरी उलटे झाले आहे. चार वाती चार दिशांना तीच बातमी देतात. ना दवंडी, ना कागद.

४/
मराठीत एक म्हण आहे : झाकली मूठ सव्वा लाखाची. सावकारीचा सारा व्यवहार या म्हणीवर चालतो. मुठीत नेमके किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि ठाऊक नसते म्हणूनच हुंडी वटते. तो दिवा म्हणजे आपणहोऊन उघडलेली मूठ. ‘यापुढे माझ्यावर विसंबू नका’ असे सांगण्याची ती रीत होती. त्यात लाज होती यात शंका नाही. पण त्या लाजेच्या पोटात एक प्रामाणिकपणाही होता, आणि तो आपण शब्दाबरोबर पुढे आणला नाही. या धाग्याचे प्रयोजन तेच आहे.

५/
या व्युत्पत्तीला आपल्या बोलण्यातील एका सवयीचीही साथ आहे. अशुभ घडले की आपण मंगल शब्द योजतो. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. नारळ फोडत नाहीत, ‘वाढवतात’. दिवा विझवत नाहीत, ‘मालवतात’. जी भाषा फुटण्याला वाढणे म्हणते, तिने बुडण्याला उजळण्याचे नाव दिले तर नवल नव्हे. गुजरातीत मात्र याच शब्दाचे रूप ‘देवाळुं’ असे आहे आणि तेथे कर्जाला ‘देवुं’ म्हणतात. त्यामुळे गुजराती कानाला हा शब्द देण्याघेण्याच्या कुळातला वाटतो. मराठी कानाला तो दिव्याच्या कुळातला वाटतो. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन व्यापारी भाषांनी एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या.

६/
आता क्रियापदांकडे वळू, कारण मराठीने आपला न्याय त्यांत लपवला आहे. ‘दिवाळे निघाले’ : येथे कर्ता माणूस नाही, दिवाळे आपले आपण निघाले; पाऊस हुकला, भाव पडला, जहाज बुडाले. ‘दिवाळे काढले’ : येथे हात दिसतो, पोराने बापाचे काढले, भागीदाराने पेढीचे काढले, किंवा धन्यानेच आतून माल हलवून ठरवून काढले. ‘दिवाळे वाजले’ : येथे बातमी गावभर झाली. घडणे, घडवणे आणि बोभाटा होणे या तीन अवस्था आपल्या पूर्वजांनी तीन क्रियापदांत वेगळ्या ठेवल्या होत्या. दुर्दैवी माणूस आणि लबाड माणूस यांच्यात फरक करायला त्यांना न्यायाधीश लागत नव्हता.

७/
तो फरक पुसला एका प्रत्ययाने. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय, अर्थ ‘खाणारा’. मराठीत तो आला तो वाईट संगतीतच : हरामखोर, लाचखोर, चुगलखोर, भांडखोर. ज्याला एखाद्या दुर्गुणाची चटक लागली आहे तो ‘खोर’. या रांगेत ‘दिवाळखोर’ जाऊन बसला आणि दिवाळे निघालेला माणूस दिवाळ्याची चटक लागलेला माणूस ठरला. आजाऱ्याला आपण ‘आजारखोर’ म्हणत नाही. ज्याचे घर जळाले त्याला ‘आगखोर’ म्हणत नाही. ज्याचा धंदा बुडाला त्याला मात्र आपल्याकडे हाच शब्द मिळाला, आणि निघणे व काढणे यांतील भेद त्यात विरघळून गेला.

८/
बाकी सोयरे शब्द पाहा. ‘कर्जबाजारी’ म्हणजे कर्जात रुतलेला. पण तो अजून देणे मान्य करतो आहे, बुडालेला नाही. ‘हात वर केले’ म्हणजे देणार नाही असे तोंडावर सांगितले. ‘गाशा गुंडाळला’ : गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे आच्छादन, मुक्काम हलवताना ते गुंडाळत, म्हणून धंदा आवरून निघून जाणे. ‘धंदा बसला’ हा त्यातला सर्वांत दयाळू प्रयोग. बसलेला बैल पुन्हा उठू शकतो. सराफी व्यवहारात ‘बुडीत’ हा शब्द रकमेला लागतो, माणसाला नाही. आणि या सगळ्यांच्या मुळाशी ‘पत’ : मराठीत पत म्हणजे उधार मिळण्याची योग्यता आणि पत म्हणजे इभ्रतही. एक गेली की दुसरी गेलीच, असे भाषाच गृहीत धरते.

९/
यांत एक शब्द मला विशेष जवळचा आहे : ‘नादार’. फारसीत ‘दार’ म्हणजे बाळगणारा. जमीनदार, वतनदार, दुकानदार यांतला. ‘ना’ लागला की नादार, म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. दुकानदार आणि नादार या शब्दांची शेपटी एकच आहे. कचेरीच्या मराठीत हा शब्द रुळला आणि ‘नादारीचा अर्ज’ म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून न्यायालयाकडे केलेला अर्ज ठरला. पण त्याच काळात तो आणखी एका इमारतीत राहत होता, ती म्हणजे शाळा. गरीब विद्यार्थ्याची फी माफ होई तिला ‘नादारी’ म्हणत. पुढे ई. बी. सी. सवलत आली, तोवर महाराष्ट्रातील हजारो मुले ‘पूर्ण नादारी’ किंवा ‘अर्धी नादारी’वर शिकली.

१०/
माझे वडील त्यांतले एक. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आजोबांचे भुसाराचे दुकान होते. दोन वर्षे लागोपाठ पाऊस हुकला, उधारी अडकली, अडत्यांचे देणे थकले आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला दुकान बंद झाले. घरात ‘दिवाळे’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. आजी अखेरपर्यंत ‘तेव्हा दुकान बसलं’ इतकेच म्हणे. न्यायालयात नादारीचा अर्ज केला तर मार्ग निघेल, असे एका वकील स्नेह्यांनी सुचवले होते. आजोबांनी नकार दिला. ते दुसऱ्याच्या अडतीवर दिवाणजी म्हणून कामाला लागले आणि ११ वर्षे देणी फेडत राहिले. त्यांची वही माझ्यापाशी आहे. एकेका नावापुढे, वेगवेगळ्या शाईत, ‘फिटले’ असे लिहिले आहे.

११/
त्याच वहीत घडी घालून ठेवलेला एक कागद आहे : वडिलांच्या शाळेला केलेल्या अर्जाची कच्ची प्रत. ‘मी नादार असून मुलाची फी भरण्यास असमर्थ आहे,’ असे आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. जो शब्द न्यायालयात लिहिला असता तर कर्जातून सुटका झाली असती तो त्यांनी तेथे लिहिला नाही. मुलासाठी मुख्याध्यापकांपुढे लिहिला. या दोन नादाऱ्यांतील अंतर मला बरीच वर्षे कळत नव्हते. शाळेतली नादारी परिस्थितीचे वर्णन होते. न्यायालयातली नादारी, त्यांच्या लेखी, आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यांचा हात सोडणे होते. याला मी मोठेपणा म्हणतो. पण त्या ११ वर्षांत आजीचे कोणते दागिने गेले आणि आत्याचे शिक्षण कितवीला थांबले, हेही त्या वहीतच आहे.

१२/
इतिहासात मागे जाऊ. दिवाळे हा मुळात बाजारपेठेचा शब्द. राजाला तो लागत नसे. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाच्या ओझ्याची आणि सावकारांच्या तगाद्याची कहाणी आहे. बारामतीकर नाईकांसारखे सावकार तर पेशव्यांचे सोयरेच होते. तरी पेशव्यांचे ‘दिवाळे निघाले’ असे कोणी म्हणत नाही. राज्याला पुढची मोहीम असते, पुढच्या सालचा वसूल असतो. व्यापाऱ्यापाशी फक्त पत असते. म्हणून दिवा त्याच्याच ओट्यावर लागतो.

१३/
त्या जुन्या व्यवस्थेत धनकोपाशीही हत्यारे होती. तगादा हे पहिले. ‘धरणे’ हे दुसरे : ऋणकोच्या दारात अन्नपाण्यावाचून बसायचे आणि त्यालाही जेवणे अशक्य करायचे. आज हा शब्द मोर्चाबरोबर येतो, पण त्याचे एक जुने घर कर्जवसुलीत आहे. ऋणकोच्या बाजूने उभा होता ‘दामदुपटी’चा नियम : एका वेळी व्याजाची वसुली मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला. म्हणजे कर्जाला छत होते आणि अपयशाला एक जाहीर विधी होता. व्यवस्था सौम्य नव्हती, पण तिला शेवट होता.

१४/
आता मुंबई, १८६१ ते १८६५. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस आटला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा ठेवायला जागा पुरेना, तेव्हा बँका, पतसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या उगवल्या. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनी अग्रगण्य. तिचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. या साऱ्या उलाढालीचा सूत्रधार होता दलाल प्रेमचंद रायचंद. त्याच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे कर्जे देत होती, आणि तारण म्हणून पुन्हा कंपन्यांचे भागच घेत होती. झाकल्या मुठींवर झाकल्या मुठी रचल्या जात होत्या.

१५/
एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सेनेने शस्त्रे खाली ठेवली. वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याच्या व्यवहारांची पूर्तता १ जुलै १८६५ रोजी व्हायची होती. त्या दिवशी घेणाऱ्यांपाशी पैसे नव्हते आणि देणाऱ्यांपाशी घेणारे उरले नव्हते. पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ मध्ये तिचे विसर्जन होऊन त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. तरुण वयात हा प्रलय पाहिलेल्या दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० मध्ये त्यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

१६/
प्रेमचंदचाही डोलारा कोसळला. पण त्याआधी, १८६४ मध्ये, त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिलेले होते. मनोऱ्याला त्याच्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यायचे ठरले होते. बांधकाम १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७८ मध्ये पुरे झाले. म्हणजे दात्याची संपत्ती गेल्यानंतर. प्रेमचंद पुन्हा सावरला, व्यापार करीत राहिला आणि १९०६ मध्ये वारला. फोर्टमधून जाताना राजाबाई टॉवरचे टोले ऐकू आले तर ध्यानात ठेवावे : हे घड्याळ ज्याच्या पैशाचे, त्याच्या घरावर एकदा दिवसा दिवा लागण्याची वेळ आली होती. शहराने त्याला ‘दिवाळखोर’ म्हणून लक्षात ठेवले नाही.

१७/
१८६६ मध्ये मुंबई इलाख्यात हिंदू वारसांना दिलासा देणारा एक कायदा झाला. तोवर येथे बापाचे कर्ज मुलाने फेडावे हे केवळ पुण्यकर्म नव्हते; वारशात काही मिळालेले नसले तरी ते त्याच्यावर बंधनकारक मानले जाई. या कायद्याने मर्यादा घातली : वारशात जितके मिळाले, तितक्यापुरतीच जबाबदारी. बापाचे ऋण फेडण्याच्या धार्मिक कर्तव्यावर विसंबून मुलावर दावा लावण्याची वाट मात्र पुढील कर्जांसाठी पूर्णपणे बंद झाली ती थेट २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने. एका पिढीच्या अपयशाचा दिवा दुसऱ्या पिढीच्या ओसरीवर किती काळ जळावा, हे ठरवायला कायद्याला १३९ वर्षे लागली.

१८/
घाटावर काय झाले? कापसाच्या तेजीत खेड्यापाड्यांत पतीचा पूर आला होता. तेजी ओसरताच सावकारांनी हात आखडला. त्यातच १८६७ पासून, आरंभी इंदापुरात, फेरपाहणी होऊन शेतसारा वाढू लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला आणि लोण पुणे-अहमदनगर भागांत पसरले. जमावाला मुख्यतः हवे होते ते कागद : खते, रोखे, वह्या. ते जाळण्यात आले. व्यापाऱ्यापाशी आपले अपयश जाहीर करायला दिवा होता. शेतकऱ्यापाशी तसा विधीच नव्हता. त्याने पेटवली ती होळी.

१९/
त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करणे त्याने बंद केले आणि त्याच्यासाठी नादारीची तरतूदही ठेवली. तरी शब्द बदलला नाही. आजही शेतकरी ‘कर्जबाजारी’ असतो, त्याचे ‘दिवाळे’ निघत नाही. त्याला मिळते ती ‘कर्जमाफी’, आणि माफी म्हटली की अपराध आलाच. शरद जोशी ‘कर्जमाफी नव्हे, कर्जमुक्ती’ म्हणत ते याच कारणाने. तो शब्दच्छल नव्हता. कोणत्या शब्दाखाली माणूस मान वर करून उभा राहू शकतो, हा प्रश्न होता.

२०/
कायद्याकडे येऊ. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १८४८ चा आणि पुढे १९०९ चा कायदा. बाकी मुलखासाठी १९०७ चा व नंतर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. १९२० च्या कायद्यात नादारीची ‘कृत्ये’ मोजून दिली आहेत. धनकोंना चुकवण्यासाठी राहते घर किंवा धंद्याची जागा सोडून जाणे. कोणाला भेटता येऊ नये म्हणून स्वतःला कोंडून घेणे. आणि यापुढे देणी भागवणार नाही अशी धनकोंना सूचना देणे. कलमे रुक्ष आहेत, पण वाचताना अंगावर काटा येतो. पहिली दोन कृत्ये म्हणजे तोंड चुकवणे. तिसरे म्हणजे दिवा लावणे.

२१/
याच कायद्यांच्या रचनेत दयेच्याही काही जागा आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम सांगते की अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे यांवर जप्ती नाही. धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे अलंकारही सुटतात. आपल्याकडे ते मंगळसूत्र. नादाराच्या मालमत्तेतूनही या वस्तू वगळलेल्या आहेत. पुढे ‘मुक्तता’ आहे, म्हणजे जुन्या देण्यांतून मोकळीक. मात्र रुपयात आठ आणेही हाती लागत नसतील, तर ते आपल्या दोषाने झाले नाही हे नादाराने न्यायालयाला पटवून द्यावे लागते. एरवी निखळ मुक्तता नाही. निघाले की काढले? क्रियापदांचा तोच जुना प्रश्न कायद्याने आण्यांत विचारला.

२२/
काही वर्षे मी एका जिल्हा न्यायालयात कागदपत्रांच्या भाषांतराचे काम केले. नादारीचे अर्ज क्वचित येत. त्यांतला एक शिंप्याचा होता. मालमत्तेच्या यादीत शिलाई यंत्र, कात्री, पत्र्याची पेटी आणि पाच भांडी. यंत्र जप्त होणार नाही हे कळल्यावर त्याला धीर आला. मग त्याने हळूच विचारले, ‘साहेब, कागदावर दिवाळखोर असं लिहाल का? नादार लिहिता आलं तर बघा. मुलीचं जमवायचं चाललंय.’ मूळ इंग्रजी शब्दाला मराठीत दोन्ही पर्याय चालले असते. मी ‘नादार’ लिहिले. अर्ज मंजूर झाल्यास त्याचे नाव-पत्ता राजपत्रात प्रसिद्ध होणार होता, हेही त्याला सांगितले. राजपत्र म्हणजे आजचा चौमुखी दिवा. तो म्हणाला, ‘ते कोण वाचतंय? शब्द तेवढा बरा असू दे.’

२३/
२०१६ मध्ये नवी संहिता आली. मराठी वृत्तपत्रे तिला ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणतात, आणि ही जोडी अचूक आहे : नादारी ही स्थिती, देणे भागवता न येण्याची, दिवाळखोरी हा दर्जा, आदेशाने मिळणारा. ही संहिता मुख्यतः कंपन्यांसाठी चालते आहे. व्यक्तींपैकी केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांना ती १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. बाकी सामान्य माणसासाठी, त्या शिंप्यासाठी, किराणा दुकानदारासाठी, अजून १९०९ आणि १९२० चेच कायदे आहेत. १९२० च्या मूळ कायद्यात अर्जासाठी देण्याची किमान रक्कम ५०० रुपये आहे. नव्या संहितेत कंपनीसाठी हा उंबरठा मार्च २०२० पासून १ कोटी रुपये आहे.

२४/
शब्दांतही तीच विषमता. मोठ्या कंपनीचे कर्ज ‘अनुत्पादित’ होते, त्याची ‘पुनर्रचना’ होते, ‘निराकरण’ होते, बँका ‘हेअरकट’ सोसतात आणि उरलेले ‘निर्लेखित’ करतात. या साखळीत कोठेही माणूस नाही, म्हणून लाजही नाही. गल्लीतल्या दुकानदाराच्या वाट्याला मात्र ‘खोर’ प्रत्ययाचा जुना शब्द जसाच्या तसा येतो. त्याची वही थकली की तो फोन उचलत नाही, वाट बदलतो, लग्नकार्ये टाळतो. १९२० च्या कायद्यातील पहिली दोन कृत्ये एकेक करून करत जातो. तिसरे करण्याचा धीर त्याला होत नाही, कारण ते केल्यावर लोक काय म्हणतील तो शब्द त्याला आधीच ठाऊक असतो.

२५/
आणि आपण तो शब्द किती सहज उधळतो! ‘वैचारिक दिवाळखोरी’, ‘राजकीय दिवाळखोरी’, ‘बौद्धिक दिवाळखोरी’ : अग्रलेखांत, सभांत, याच माध्यमावर. विरोधकाला हिणवायला ही रूपके सोपी पडतात. पण प्रत्येक वेळी आपण नकळत एक गोष्ट पक्की करतो, की दिवाळे निघणे हा चारित्र्याचा दोष आहे. मुक्तता न मिळालेल्या नादाराला संसदेत किंवा विधिमंडळात बसता येत नाही, हे संविधानात आहे. पण मुक्तता मिळालेल्याला येते, हेही त्याच वाक्यात गृहीत आहे. कायदा ज्याला संपणारी अवस्था मानतो, तिला भाषा जन्मभराचे नाव देते.

२६/
शब्द बदलून कर्ज फिटत नाही, हे मी जाणतो. आजोबांची देणी शब्दांनी फिटली नव्हती. परंतु धंदा बुडालेला माणूस वेळेवर बोलतो की अखेरपर्यंत मूठ झाकून ठेवतो, हे पुष्कळदा त्याच्यापुढे कोणता शब्द वाढून ठेवला आहे यावर ठरते. लवकर बोलला तर धनकोंना काही आणे मिळतात, घरातल्या मुलीची शाळा सुटत नाही आणि माणूस उरतो. जुन्या बाजाराला हे कळत होते. त्याने अपयशाला शिक्षा ठेवली होती, तशी ते सांगण्याची एक रीतही ठेवली होती. पळून जाणारा आणि दिवा लावून बसणारा, हे दोघे त्या बाजारात एक नव्हते.

२७/
म्हणून एवढेच सुचवतो. ठरवून बुडवणाऱ्याला ‘दिवाळे काढणारा’ म्हणावे, तेथे क्रियापद चोख काम करते. ज्याचे निघाले त्याच्याविषयी ‘त्याचा धंदा बसला’ म्हणावे; आजी म्हणत असे तसे. आपल्या घरी जुन्या वह्या, खतावण्या, नादारीचे अर्ज असतील तर ते रद्दीत घालू नयेत. आणि आपल्या भागात, आपल्या बोलीत, या अवस्थेला आणखी कोणता शब्द आहे? खानदेशात, कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात, गोव्यात काय म्हणतात? खाली अवश्य लिहावे. विशेषतः ‘धंदा बसला’सारखा, पुन्हा उठायला जागा ठेवणारा एखादा शब्द असेल तर तो आधी.